दोनशे रुपयांची प्रदक्षिणा

टण्ण! बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं आणि ओटीवरची शांतता फुटली.

ती शांतता मी केली होती. तालुक्याहून पाहणीवाले साहेब आले होते. मांडीवर फळी, फळीवर फॉर्म. त्यांनी विचारलं, "घरात कमावतं कोण?" आणि मी आपली सरळ सांगून मोकळी झाले, "मी. काजूच्या कारखान्यात जाते. महिन्याला दोनशे पडतात."

सून असं बोलली की ओटीवर जे होतं ते झालं. साहेबांना घरं दाखवायला वाडीचे पुढारी गंगारामभावजी आले होते, ते आढ्याकडे बघायला लागले. दाराआड उभी असलेली माझी नणंद तुळसा आणखी आत सरकली. आणि सासूबाईंनी भिंतीवरच्या फळीवरून डबा काढला.

त्या डब्यात बिस्किटं कधीच नव्हती. मनिऑर्डरींची खालची चिठोरी होती, दोऱ्यात ओवलेली, फुलं ओवावीत तशी.

"ती काय सांगते, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "कमावता माजा काशीराम. म्हमईला हाय, गिरणीत. म्हयन्याच्या म्हयन्याला दोनशेची मनिऑर्डर. बघा, मोजा."

साहेब कोल्हापूरकडचे, नवे, अजून नोकरीत हौस असलेले. त्यांनी खरंच मोजली. "बारा की हो! एक चुकली न्हाई."

चुकेल कशी? ती मीच पाठवत होते.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर कुणाला पटायची नाही. मुंबईत संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. माझे मालक, माझ्या लेकीचे, विमलचे बाबा, तेव्हापासून भाजीबाजारात पाट्या उचलतात. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत अठरा जणांत झोपतात. त्यांचं त्यांना पुरतं, तेवढंही काही महिने पुरत नाही. पहिल्या पावसाळ्यात दोन महिने मनिऑर्डर आली नाही, तर पोस्टमन केरू अंगणात सायकल टेकून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोनूबाय, काशी इसारला वाटतं आईला!"

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सावित्री, तुजा पगार झाला ना? त्यो काशीरामाला धाडूया."

"कशाला? त्यांना लागतात का?"

"त्याला नको गो. त्यो परत आपल्याला धाडील. मनिऑर्डरीनं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून आमचे दोनशे रुपये दर महिन्याला मुंबईची प्रदक्षिणा करतात. पगार झाला की मी रत्नागिरीच्या नाक्यावर अयूबभाईच्या हातात पाकीट देते. तो मासळीचा ट्रक घेऊन मुंबईला जातो, आणि आमच्या वाडीतला नाही, हा त्याचा मोठा गुण. तो पाकीट विमलच्या बाबांना पोचवतो. ते पोस्टात रांग लावून तेच पैसे मला पाठवतात. वर सरकारचे दहा रुपये कमिशन, ते मी अंडी विकून आधीच पाकिटात घालते. म्हणजे स्वतःचेच पैसे आम्ही सरकारकडून दहा रुपये देऊन विकत घेतो. पैसे मुंबई बघून परत येईपर्यंत बारा-तेरा दिवस जातात. तेवढे दिवस पेज आणि सुकट.

पण मनिऑर्डर येते तो दिवस काय वर्णावा! केरू घंटी वाजवत येतो. सासूबाई पदर सावरून ओटीवर बसतात. शेजारणी अंगणात येऊन उगाच आमच्या तुळशीची चौकशी करतात. केरू नोटा मोजतो आणि चिठोऱ्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. विमलचे बाबा मोजकं लिहितात: "मी खुशाल आहे. दोनशे पाठवले. खर्च जपून करावा."

खर्च जपून करावा! माझ्याच बोटांची सालटी निघून आलेले पैसे मलाच जपून वापरायला सांगतात. मला पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, पाट्या उचलून आलेला माणूस पोस्टाच्या दांडक्याला बांधलेल्या टाकाने हे लिहितो, तेवढ्यापुरता तरी तो कुणीतरी असतो. लिहू दे.

आणि हे फक्त आमच्याच घरात चाललंय असं मला वाटत होतं. एकदा अयूबभाईने माझं पाकीट घेतलं आणि खिशातली बाकीची सारखी केली. मी विचारलं, "ती कुणाची?" तो हसला. "भाभी, नावं सांगणार नाही. पण तुमच्या वाडीची पाच आहेत."

तर साहेबांनी बारा चिठोरी मोजली आणि फॉर्मवर बेरीज मांडली.

"बाईंचे वर्षाचे चोवीसशे. मालकांचे चोवीसशे. भात किती पिकतं? धरू सहाशेचं. कोंबड्या?"

"चार," सासूबाई म्हणाल्या.

"तीन," माझी विमल खांबाआडून म्हणाली. "एक खाल्ली. मामा आलेला तेव्हा."

"गप गो!"

"असू द्या, चार धरू. अंड्यांचे एकशेवीस." साहेबांनी पेन्सिल चाटली. "पाच हजार पाचशे वीस. आयला, तुम्ही तर शेठ निघाला की!"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गंगारामभावजींनी आढ्यावरची नजर खाली आणली आणि बेरजेकडे बघितलं. त्यांच्या पुतण्यासाठी तुळसाची बोलणी चालली होती. मुलगा मुंबईला, मुलीचा भाऊ मुंबईला, दोन्हीकडे गिरणी. आता वर पाच हजार पाचशे वीस! त्यांनी खाकरून पान मागितलं. पान मागणं म्हणजे चांगली खूण.

मी मात्र विचारलं, "साहेब, आणि शिलाई मशीन?"

माझा सगळा जीव त्या मशीनमध्ये होता. सरकारी योजना आली होती, अर्ध्या किमतीत मशीन. माहेरी गुहागरकडे रहिमाचाचींकडे मी शिवण शिकले होते. झबली, परकर, शाळेचे गणवेश, सगळं येतं मला. मशीन आलं की कारखाना सुटेल. पहाटे पाचला उठून, भाकऱ्या थापून, सहाचा टेम्पो धरायचं सुटेल. विमल सहा वर्षांची आहे. आधी रडायची. आता रडत नाही, आता माझी एक चप्पल लाकडांच्या ढिगात लपवते. रोज निराळ्या जागी. मी शोधते आणि ती दारात उभी राहून बघते, सापडू नये म्हणून. मशीन आलं तर ती माझ्या मांडीला टेकून पाटी गिरवेल आणि मी शिवीन. एवढंच हवं होतं मला.

"मशीन?" साहेब म्हणाले. "ते गरिबांसाठी हाय, वहिनी. वर्षाला साडेतीन हजारांच्या आत उत्पन्न पाहिजे. तुमचं पार वर गेलं."

"पण साहेब, ते पैसे…"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी बोलले असते. त्यांनी बघितलं आणि मग दाराकडे बघितलं, जिथे तुळसा उभी होती.

"काय, ते पैसे?" साहेबांनी पेन्सिल उचलली. "यातलं एखादं खरं नसंल तर आत्ताच सांगा. खोडतो. एकदा वर गेलं की गेलं."

एखादं! दोन्ही एकच होतं हो. पैसे जाताना चोवीसशे होते, परत येताना चोवीसशे होते, आणि फॉर्ममध्ये दोन्ही हातात हात घालून उभे होते. एक खोडायचं होतं. ओटीवर बसलेल्या चौघांपैकी आम्हा दोघींना खरं काय ते ठाऊक होतं, तिसरे गंगारामभावजी होते, आणि चौथा सरकारचा होता. तरी कुणी बोलायचं? विमलच्या बाबांचं खोडलं तर उद्या सकाळी आडावर काशीराम बेकार, परवा तुळसाची बोलणी बंद. वाडीत आणखी घरं तेच करतात म्हणून काय झालं? पकडलं जाणारं पहिलं घर आमचं झालं असतं.

"माझं खोडा," मी म्हटलं.

"म्हंजे? तुम्ही कामाला जात न्हाई?"

"जाते आपली. वेळ जात नाही म्हणून."

"आणि दोनशे?"

"ते… कधीतरी. धरण्यासारखं नाही."

साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं. काजूच्या टरफलाचं तेल लागून बोटांची टोकं काळी पडली होती, अंगठ्याची कातडी सुटली होती. "हे काय झालंय?"

"चूल," सासूबाई चटकन म्हणाल्या. "तिला चुलीचा अंदाज नाय, साहेब. शेरातली असल्यागत करते."

गुहागर आता शहर झालं.

साहेबांनी माझी ओळ खोडली. मला वाटलं होतं एक रेघ मारतील. त्यांनी रबराने पुसली आणि फुंकर मारली. मग मोठ्याने वाचत लिहिलं: "काशीराम, कुटुंबप्रमुख, गिरणी कामगार, कमावता. सोनूबाई, वृद्ध, अवलंबून. सावित्री, काही करत नाही, अवलंबून. तुळसा, अवलंबून. विमल, अवलंबून. कोंबड्या चार, उत्पन्न एकशेवीस."

कमाईत कोंबड्या माझ्या वर गेल्या. त्यातली एक तर खाल्लेली होती.

"तीन हजार एकशेवीस," साहेब म्हणाले. "बसलं आत! यादीत नाव घालतो बघा. मशीन मिळंल."

पुसली तर पुसली, म्हटलं. मशीन आलं की सगळं परत लिहीन, आणि शाईने लिहीन.

"फकस्त एक करा," साहेब फॉर्म घडी करत म्हणाले. "मालकांचा पगाराचा दाखला आणा. गिरणीचा, सही-शिक्क्यासकट. उत्पन्न त्यांचं म्हटल्यावर दाखला त्यांचाच लागणार. तो आला की मशीन तुमच्या दारात."

बंद गिरणीचा दाखला. सही कोण करणार, दाराला लावलेलं कुलूप?

"दाखला कशाला?" हे मी नव्हतं म्हटलं. गंगारामभावजी म्हणाले, आणि फार घाईने म्हणाले. "मनिऑर्डर हाच दाखला, साहेब. आमच्याकडची माणसं खोटं बोलत नायत."

"तुमच्या घरचा पण लागंल की," साहेब हसत म्हणाले. "तुमचे दोघं मुलगे त्याच गिरणीत म्हणाला न्हवं?"

गंगारामभावजींनी मागितलेलं पान तसंच हातात धरलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे बघितलं. अयूबभाईच्या खिशातली दोन पाकिटं कुणाची होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. आम्ही दोघांनीही ते कळणं तिथंच ठेवून दिलं.

"आणतील की," ते म्हणाले. "काशीराम काय, आमचे काय. दिवाळीला येतील तेव्हा आणतील."

"दिवाळीपर्यंत यादी बंद हुईल, काका."

"मग पुढच्या यादीला."

साहेब उठले. चपला घालताना मला समजावून गेले, "वहिनी, वेळ जात न्हाई म्हणता, तर मशीन खरंच घ्या. बायकांनी चार पैसं मिळवावं. घराला हातभार लागतो."

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

ते पलीकडच्या घराच्या पायऱ्या चढले. थोड्या वेळाने तिकडूनही कुठल्याशा डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. त्या घराची मनिऑर्डरही नेमाने येते.

सासूबाई चिठोरी पुन्हा डब्यात रचत बसल्या. बराच वेळ रचत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुळसाचं एकदा होऊं दे. मग मी सोता तालुक्याला जाईन. सांगीन, माजी सून कमावते म्हणून. बोंबलून सांगीन."

"तेव्हा मलाही वृद्ध लिहितील, आत्याबाई."

त्या हसल्या. मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या, म्हणून मी उठले. सुपात तांदूळ घेतले आणि मागच्या पडवीत निवडायला बसले.

विमल येऊन माझ्या पाठीला चिकटली. तिचे हात माझ्या गळ्याभोवती, हनुवटी खांद्यावर. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि धुळीचा वास येत होता. ओटीवरची सगळी बेरीज तिच्या डोक्यात चालली असणार. तिने माझं एक बोट उचललं आणि काळ्या टोकावरून आपलं बोट फिरवलं, लागू नये अशा बेताने.

"आये."

"काय गो?"

"साहेबानं लिवलं ना, तू कायच करत नाहीस म्हणून?"

"लिहिलं."

"कागदावर?"

"हो. कागदावर."

ती पुढे आली. सुपातले तांदूळ सांडतील इतक्या जवळ बसली आणि माझ्या तोंडाकडे बघून, अगदी आनंदाने विचारलं,

"मग उद्यापासून तू घरीच ना?"