तात्यांच्या दगडाची उंची

तात्यांचं काम तपासायची कुणाची छाती नव्हती, आणि हे सगळं रामायण घडलं ते त्यामुळेच. तात्या जुने सर्व्हेअर. तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण चढवून जमिनीचे चढउतार मोजण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं पालिकेतले लोक मानायचे. त्यांची इंजिनीयर लेक तर जरा जास्तच मानायची. लेकीला बापाचं कौतुक असावंच, पण इतकंही नसावं की त्यापायी दोन बायकांच्या हातचे प्लॉट जायची पाळी यावी.

त्याचं असं झालं. दवाखान्यातल्या नर्सबायकांनी मिळून गावाबाहेर जमीन घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या उशापायथ्याशी उभ्या राहिलेल्या या बायका, आता आपल्या दारात खुर्ची टाकून बसायचं म्हणत होत्या. त्यांच्या लेआउटचं काम लेकीकडे आलं. प्लॉट, रस्ते, ड्रेनेजचे पाइप तिने आखले. जमिनीची मोजणी मात्र तात्यांनी केली; रस्त्यावरच्या मॅनहोलची उंची तेवढी पालिकेच्या जुन्या नोंदीतून घेतली. निवृत्त झाल्यापासून ते घरात बसून तिच्या आईच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते, त्यामुळे त्यांना उन्हात पाठवताना सगळ्यात जास्त आनंद आईला झाला.

नकाशा पालिकेत गेला आणि उत्तर आलं. तुमच्या वस्तीचा पाइप मोठ्या रस्त्यावरच्या मॅनहोलपेक्षा खाली येतो. सांडपाणी आपण होऊन वर चढणार नाही, तेव्हा पंप बसवा. पंपाच्या खोलीसाठी फाटकाजवळचे दोन प्लॉट सोडा, आणि पंप चालवण्याची फी आधी भरा, मग मंजुरीचं बोलू.

ते वाचून सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ज्यांना सगळ्या मोठ्या सिस्टर म्हणत, कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "फी आम्ही कशीतरी भरू गं. पण प्लॉट कुणाचा काढून घ्यायचा? एक माझा लिही. दुसऱ्यासाठी चिठ्ठ्या टाकू."

"सिस्टर, तुमचा का?"

"मग कुणाला सांगू, तू सोड म्हणून? तू सांगशील?"

लेकीला ते सांगवलं नसतं. पंपाच्या खोलीसाठी खुंट्या मारायला म्हणून ती जागेवर गेली तेव्हा तिचा पाय उचलत नव्हता. फाटकाशी टँकर उभा होता. त्याची तोटी गळत होती आणि ड्रायव्हर चाकाला टेकून निवांत डुलक्या काढत होता. पाणी फाटकातून निघालं, रस्ता ओलांडून सरळ मॅनहोलकडे गेलं आणि झाकणाच्या भोकांतून आत पडू लागलं. नकाशात रस्ता उंच होता आणि फाटक खाली. पाण्याने नकाशा वाचला नव्हता.

लेक खुंट्या हातात धरून नुसती बघत राहिली. मग तिने गाडीतून दुर्बीण काढली आणि फाटक ते मॅनहोल एवढंच अंतर नव्याने मोजलं. फाटक नकाशातल्यापेक्षा चांगलं दोन फूट वर निघालं. तिने पुन्हा मोजलं. इंजिनीयर माणसाला आपली चूक निघावी असं सहसा वाटत नाही, पण तिला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. चूक निघाली नाही.

पाइप बिनबोभाट उतरत होता. पंप नको, फी नको, सिस्टरांचा प्लॉट शाबूत. फक्त त्यासाठी तात्यांची अख्खी मोजणी दोन फुटांनी चुकली, हे सांगायला हवं होतं. मोजणी जिथून सुरू झाली तो नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यातला दगड. तरुणपणी तात्यांनीच त्याची उंची ठरवून त्यावर लाल रंगाने आकडा घातला होता, आणि त्या भागातलं सगळं काम त्या आकड्यावरून चालायचं. तो आकडा कसा चुकेल, हे मात्र तिला कळेना.

संध्याकाळी ती सांगायला म्हणून तात्यांसमोर बसली. ते घोडीच्या स्क्रूंना तेल देत होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते. तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा जेवणाचं विचारून उठली.

दुसऱ्या दिवशी पालिकेत बैठक होती. तात्या आपणहून बरोबर आले. पालिकेचा इंजिनीयर एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. तेव्हा तो काडीपैलवान होता म्हणून तात्या त्याला बारक्या म्हणायचे. आता त्याला खुर्ची पुरत नव्हती, तरी तात्या शिपायादेखत बारक्याच म्हणत आणि साहेबही निमूट ओ देत.

मोठ्या सिस्टरांनी फीचा चेक टेबलावर ठेवला. त्यावरची त्यांची सही पाहिली आणि लेकीला राहवेना.

"साहेब, तो घेऊ नका. पंप लागत नाही. आमची मोजणी चुकली आहे." मग बापाकडे न बघता तिने सगळं सांगितलं.

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "तात्यांच्या आकड्यावर मी कधी शंका घेतली नाही. यावेळीही नाही घेतली."

तात्या मात्र पुढे झुकले होते. "माझा दगड आहे तिथंच आहे की रे. परवाच हात लावून आलो. पूल रुंद केलात तेव्हा ती बाजू तोडली नव्हती ना?"

साहेबांचा चेहरा पडला. "तोडली होती, तात्या. कठडा दोन फूट वर घेऊन नव्याने बांधला. गवंडी तुमचा दगड राडारोड्यात टाकत होता. मी ओरडलो त्याला. म्हटलं, तात्यांच्या हातचा आहे, तोंड रस्त्याकडे ठेवून नीट बसव. आकडा पुसट झाला होता, तोही मीच रंगवला." ते थांबले. "दगडाची उंची बदलली आणि आकडा जुनाच राहिला, हे डोक्यातच आलं नाही."

लेकीला वाटलं, आता तात्या उठून जातील. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गाढवा," ते हळूच म्हणाले. "दगड कुणी जपतं का?"

साहेबांनी घाईघाईने फाइल ओढली. "मी पंप रद्द करतो. फी पण रद्द. कारण म्हणून लिहितो, लेखनिकाची चूक."

"लेखनिक कोण इथं? लिही, सर्व्हेअरने दगड न तपासता जुना आकडा घेतला. खाली माझी सही घे."

"तात्या, कशाला उगाच..."

"उद्या कुणी त्याच दगडावरून दुसरी वस्ती आखेल. लेखनिकाची चूक वाचून त्याला काय कळणार? लिही."

साहेबांनी लिहिलं. तात्यांनी सही केली, ठसठशीत. मोठ्या सिस्टरांनी चेक उचलून पर्समध्ये टाकला आणि जाता जाता तात्यांचा हात हातात घेऊन दाबला.

जिना उतरताना लेक म्हणाली, "तात्या, मी कालच घरी सांगायला हवं होतं."

"काल कशाला? पहिल्याच दिवशी तपासायचं होतंस. बारक्या शिकत होता तेव्हा रोज माझ्या चुका काढायचा. मी शिव्या द्यायचो, पण बरं वाटायचं." ते कठड्याला धरून एक पायरी उतरले. "आता तोही नुसता नमस्कार करतो, तूही करतेस. मला वाटायचं, माझं काम काम म्हणून कुणी धरतच नाही. म्हाताऱ्याचं मन राखतात झालं."

लेकीला एकदम उमगलं. इतके दिवस ती ज्याला मान समजत होती, त्यात बाप एकटा पडला होता.

"तुमचं फाटकापासूनचं मोजमाप पण मला एकदा बघायचंय," ती म्हणाली. "सातव्या प्लॉटपाशी मला जरा शंका आहे."

तात्या जिन्यात थांबले. "सातव्या? तिथं कसली शंका? दाखव बघू."

शंका वगैरे काही नव्हती. पण तिने नकाशा तिथंच पायरीवर उलगडला, आणि दोघं त्यावर असे भांडायला लागले की येणाऱ्याजाणाऱ्यांना भिंतीला चिकटून जावं लागलं.