किल्लेदाराचा चष्मा

त्या शिवणघरात एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी शिवायचं, अशी जुनी रीत होती. वाचायच्या मावशी, आणि त्यांच्या वाटच्या तुरपाया सगळ्याजणी वाटून घ्यायच्या. पुस्तक नकोसं झालं, की सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून कापणीच्या टेबलावर ठेवायचं. निम्म्याहून जास्त अंगुस्तानं टेबलावर आली, की पुस्तक परत वाचनालयात!

या खेपेला मावशींनी आणली होती जुन्या काळातल्या एका किल्लेदाराची प्रेमकथा. प्रेम कसलं, डोंबलाचं! बाबा बायकोशी धड दोन शब्द बोलेल तर शपथ. तिनं डोळे फोडून कशिदा काढलेली शाल त्याला दिली, तर पठ्ठ्यानं त्या शालीनं घोडा पुसला.

"घोडा?" बटणवाली ओरडली. नवं लग्न झालेली पोर ती, तिला भलताच राग आला. "हात झडले नाहीत मेल्याचे?"

"कशिद्याची शाल!" काजं करणाऱ्या आक्कांनी कपाळावर हात मारला. "मी असते तर त्याच घोड्यावर बसून माहेर गाठलं असतं."

टपाटप अंगुस्तानं टेबलावर पडू लागली. आक्कांचंही पडलं. आता आणखी एक पडलं, की किल्लेदाराचा कारभार आटोपला.

मावशींच्या घरीही असाच एक किल्लेदार होता. घड्याळं दुरुस्त करणारा, कपाळावर कायम आठ्या, तोंडात गोड शब्द औषधालाही नाही. या बाया पुस्तकातल्याला शिव्या घालायच्या आणि घाव बसायचा मावशींना. याला बाहेर काढलं, तर आपल्या माणसालाही सगळ्यांनी नापास केलं, असं त्यांना वाटायला लागलं.

मग त्यांनी पान उलटलं आणि पुस्तकात नसलेलंच वाचायला सुरुवात केली.

"सकाळी किल्लेदार तिच्या खोलीत आला. खिडकीतला तिचा चष्मा त्यानं उचलला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, फुंकर मारली, उजेडात धरून पाहिल्या. मग चष्मा तिच्या पुढ्यात ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला."

सगळ्या सुया थांबल्या. कोणीतरी नाक ओढलं.

"पण मावशी," बटणवालीनं मान वर केली, "हिला चष्मा कधी लागला? परवा तर बुरुजावरून कोसभर लांबचा स्वार ओळखला होता हिनं!"

आक्कांनी सरळ पुस्तकच ओढून घेतलं. "इथं तर दार आपटून शिकारीला गेलाय तो. चष्मा आणलास कुठून गं?"

मावशींचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या घरून," त्या म्हणाल्या. "काल भाजी अळणी झाली म्हणून केवढ्यानं ओरडले! आणि सकाळी बघते तर माझा चष्मा लख्ख पुसून ठेवलेला. चुकलो म्हणायला जीभ वळत नाही त्यांची. तुम्ही त्या किल्लेदाराला बोलता ना, तर मलाच लागतं, आक्का. रडू येतं."

"वेडी की काय तू?" आक्का म्हणाल्या. "त्यानं बायकोच्या शालीनं घोडा पुसला. तुझ्या माणसानं आपल्या सदऱ्यानं तुझा चष्मा पुसला. दोघांना एका दावणीला कशाला बांधतेस?"

इतकी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात कशी शिरली नाही, याचं मावशींना हसूच आलं.

आक्कांनी आपलं अंगुस्तान उचलून परत बोटात घातलं. "वाच पुढं. त्या मेल्याला अक्कल येते का बघू तरी. आणि आहे तेच वाच!"

संध्याकाळी मावशींचे यजमान त्यांना न्यायला आले, तशा सगळ्या हातातलं काम टाकून त्यांच्याकडे टकामका बघायला लागल्या.

"काय झालं? असं काय बघताय?" ते खेकसले.

"काही नाही," म्हणत मावशींनी चष्मा काढून पुढे धरला. "अहो, काचेवर डाग पडलाय बघा."

"सगळ्यांसमोर काय हे!" ते गुरगुरले. पण तोवर सदऱ्याचं टोक त्यांच्या हातात आलेलंच होतं.