वाढलेले दोन इंच

मित्रांनो, शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबणारी टेप तुम्ही पाहिली असेल. मी तशीच एक. पिवळी, साठ इंचांची, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. आकडे आता पुसट झालेत, पण माझा खरा दोष वेगळाच आहे. तोच आज सांगते.

कारखान्यातून निघून मी मास्तरांच्या दुकानात आले, तेव्हा दुकान थाटून आठवडाच झाला होता. रस्त्याकडेची एक खोली, दोन मशिनं, कापायचं टेबल आणि मागे पडदा. शिवायचे फक्त बायकांचे कपडे. पडद्यामागे मास्तरांची बायको मापं घ्यायची. सगळे तिला वहिनी म्हणत. ती आकडा मोठ्यानं सांगायची, मास्तर वहीत लिहायचे आणि टेबलावर लोखंडी पट्टीनं आखून कापड कापायचे. म्हणजे माप माझं आणि कापणं पट्टीचं.

वीस वर्षं छान गेली. "तुमचा कपडा शिवल्यासारखा नाही, अंगावर उगवल्यासारखा दिसतो," असं एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. मी फुशारले होते.

मग एकदा माझ्यावर चहा सांडला. मास्तरांनी मला धुतलं आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून खिळ्याला टांगून खालच्या टोकाला लोखंडी इस्त्री बांधली. दोन दिवस मी तशी लटकले. उतरवली तेव्हा बासष्ट इंच झाले होते. आकडे मात्र साठच. प्रत्येक इंच जरासाच ताणला गेला, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. छत्तीसची छाती मी पस्तीस सांगू लागले.

कपडे घट्ट व्हायला लागले. एक शिक्षिका ब्लाउज घेऊन परत आली. "हात वर केला की शिवण ओरडते हो. फळ्यावर लिहू कशी?"

दुकानात चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मास्तर वहिनींना म्हणाले, "अगं, माप घेतेस की गप्पा मारतेस? डोळे तपासून घे आधी!"

"अहो, टेप तर बघा."

"टेपला काय धाड भरलीय? नाचता येईना अशी गत झालीय तुझी!"

मी तिच्याच गळ्यात होते. तिची मान गरम झालेली मला कळली. आणि खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं. मास्तरांनी माझी बाजू घेतली होती ना. ती लाज अजून जात नाही.

काही आठवड्यांनी तक्रारी थांबल्या. "बघ, बोलल्याशिवाय सुधारत नाहीस," मास्तर म्हणाले. चार वर्षांनी वहिनी आजारानं गेल्या.

मास्तर दुकान उघडायचे, कापड पसरायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. एकदा मापासाठी कुणाचा तरी जुना ब्लाउज आला. त्यांनी तो माझ्यानं मोजला, मग सवयीनं पट्टीनं. दोन आकडे निघाले. पुन्हा मोजलं. मग मला पट्टीशेजारी ठेवलं आणि खिळ्याकडे बघत राहिले. मला खिशात घालून घरी नेलं आणि त्या दिवसापासून दुकान बंद.

आठवड्यानं दुकानाची काजंबटणं करणारी मावशी घरी आली. "मास्तर, हाताला काम नाही माझ्या. दुकान मोडताय की काय?"

"मोडतोय. चार लोकांत आंधळी ठरवलं मी तिला, मावशी. तिचं काही चुकलंच नव्हतं. आता कुठल्या तोंडानं कात्री धरू? काही सुचत नाही."

मावशीनं मला उचललं. "ही ताणलीय ते तिला ठाऊक होतं. पट्टीला लावून बघितलं होतं तिनं. पस्तीस दिसलं की छत्तीस बोलायची. तक्रारी कशानं थांबल्या वाटतं? तुमच्या ओरडण्यानं?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की! तुम्ही ऐकता होय? मी म्हटलं, नवी घे. तर म्हणाली, टेप सैल झाली आणि माणूस ताठ, मधलं अंतर मी भरते. हसून हसून ठसका लागला तिला."

"म्हणजे रागावली नव्हती?"

"रागावली होती. दुखावलीही होती, खोटं कशाला बोलू? पण माणूस टाकून दिलं नव्हतं तिनं. चार वर्षं तुमचंच दुकान सावरलं. ते तुम्ही मोडणार?"

मास्तर खूप वेळ रडले. दुसऱ्या दिवशी नवी टेप घेऊन त्यांनी दुकान उघडलं. ती शिक्षिका आली, तेव्हा उभे राहून म्हणाले, "ताई, तुमचा ब्लाउज घट्ट झाला तेव्हा आमच्या हिचं चुकलं नव्हतं. टेप बिघडली होती आणि मी ऐकलं नाही."

"ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं, मास्तर," ती म्हणाली. "घ्या, कापड आणलंय." मग पडद्यामागे मावशीनं तिचं माप घेतलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जपा, पण अधूनमधून तपासाही. आमच्यावर विसंबून माणसाला खोटं पाडू नका. आणि पाडलंच, तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच शब्द मागे घ्या. मास्तरांना उशिरा का होईना, ते जमलं. मला मात्र दुकानात बोलायला तोंड नाही, म्हणून माझी चूक तुम्हाला सांगितली.