घंटेतलं पाणी

त्स्वेताच्या वहीत एकशे त्रेचाळीस शब्द होते, आणि त्यातला एकही तिनं पोराच्या तोंडून समोरासमोर ऐकलेला नव्हता.

इटलीत एका म्हाताऱ्याची सेवा करताना ती दर रविवारी बल्गेरियातल्या आपल्या गावी फोन लावी. सासू, स्तोयनाबाई, नातवाचे आठवड्याचे नवे शब्द सांगे: पाणी, मांजर, ‘दार लाव’. त्स्वेता तारीख घालून उतरवून घेई. कालिन फोनपुढे लाजतो म्हणे. एकदाच पलीकडून ‘आई, ये’ ऐकू आलं. पोराचं छान चाललंय म्हणून तिनं नोकरी आणखी वर्षभर वाढवून घेतली.

आज ती घरी आली. अडीच वर्षांचा कालिन टेबलाखाली बसून तिच्या बॅगेची चेन उघडझाप करत होता. तासाभरात हूं की चूं नाही. लाजत असेल, तिनं मनाला समजावलं.

तेवढ्यात शेजारच्या गिनाबाई चीजच्या वड्या घेऊन डोकावल्या.

"इटलीनं पार वाळवलं की गं तुला. बरं, घंटेतलं पाणी लागू पडलं का पोराला? तीनदा पाजलं म्हणे."

स्तोयनाबाई मिठाची बरणी शोधू लागली. बरणी तिच्या पुढ्यातच होती.

गाईच्या गळ्यातली घंटा उलटी धरून तिच्यातून पाणी कुणाला पाजतात, हे त्स्वेताला कुणी सांगायला नको होतं. वाचा न फुटलेल्या पोराला.

"मग फोनवर ‘आई, ये’ कोण म्हणालं?"

"आमची नात," गिनाबाई म्हणाल्या. "स्तोयनाच म्हणाली, सुनेला बरं वाटेल." आणि बशी ठेवून निघाल्या. कधी निघावं हे त्यांना बरोबर कळायचं.

"का, आई?"

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते."

"आणि त्याला घेऊन गेली असतीस. मग मी कुणाशी बोलायचं?"

"तो बोलत नाही, आई."

"मी बोलते ना. तो ऐकतो."

त्स्वेतानं फळीवरची घंटा काढली. पाणी पाजताना वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला चिंधी बांधलेली होती. ती सोडली. कालिनच्या पाठीशी उभं राहून तिनं घंटा हलवली. मग जोरात. मग दोन्ही हातांनी.

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. स्तोयनाबाईनं कान झाकले.

कालिननं चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.