रिकामी लॉरी किंचाळत नाही

यशवंतपूरच्या बाजाराबाहेर कल्लाप्पाच्या लॉरीभोवती शंभरेक माणसं जमली होती. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. चाकांखाली लिंबं, बाजूला उतरवलेली कांद्याची पोती. पोत्यांना टेकून, पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन यल्लव्वा बसली होती. कल्लाप्पाची थोरली बहीण. विधवा. बारा वर्षं तिनं त्याच्या घरची चूल सांभाळली.

दसऱ्यातल्या आयुधपूजेपासून नवी टर्बो लॉरी बिघडली होती. चढ आला की इंजिनातून बाईसारखी किंकाळी, मागे काळा धूर, ताकद गायब. आप्पाजी नावाच्या स्वामीनं निदान केलं: पूजेला विधवेनं लॉरीला कुंकू लावलं, यंत्राला तिचं रडं लागलं. आज तो ते उतरवणार होता. आधी माल काढा म्हणाला, बाधा पोत्यांतही शिरते. बाधेला कांदा वर्ज्य नसावा. मग मंत्र पुटपुटत, शेजारी बसून त्यानं कल्लाप्पाला लॉरी पुलाच्या चढावरून फिरवून आणायला लावली. किंकाळी नाही, धूर नाही. लोकांनी हात जोडले.

"आता ही बाई घरात नको," आप्पाजी म्हणाला.

कल्लाप्पानं बहिणीकडे न बघता बेळगावच्या बसची वेळ विचारली. गावी तिचं कोणी उरलेलं नव्हतं.

समोरच्या गॅरेजातला सूर्यकांत मिस्त्री हात पुसत आला. "स्वल्प थांब, कल्लाप्पा. पोती चढव आणि तोच चढ परत चढ."

आप्पाजीनं बजावलं, मंत्र मोडेल.

"कांद्यानं मोडणारा मंत्र घेऊन बाजारात कशाला आलास?"

हमालांनी पोती चढवली. अर्ध्या चढावर लॉरी किंचाळली.

परत आल्यावर मिस्त्रीनं इंजिनात हात घातला. हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा जाड रबरी पाईप नुसत्या ओढीनं निघून आला. बोटं तेलकट झाली. टर्बो हवा दाबून इंजिनाकडे पाठवतो, त्यानं सांगितलं. ओझं असलं की दाब वाढतो, सैल पाईप सरकतो, फटीतून हवा किंचाळते. इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, धूर येतो. रिकाम्या गाडीत तेवढा दाबच होत नाही. आप्पाजी स्वामी होण्याआधी दहा वर्षं लॉरी चालवत होता. त्याला हे पुरतं ठाऊक होतं.

"पाईपाच्या आत तेल कुणी लावलं?"

कल्लाप्पा खाली बघत म्हणाला, "मीच. पूजेला चकाकावेत म्हणून काढले, तेल चोळून बसवले."

पाईप धरून ठेवणारी क्लिपही त्यानं हातानंच आवळली होती. मिस्त्रीनं दोन्ही तोंडं कोरडी पुसली, पाईप नीट बसवला, क्लिप पान्यानं घट्ट केली. भरलेली लॉरी गुमान चढ चढून आली. तोवर आप्पाजी पसार.

"अक्का, घरी चल," कल्लाप्पा म्हणाला.

यल्लव्वानं ट्रंक उचलली. "मिस्त्रीनं पाईप दहा मिनिटं बघितला. तू मला बारा वर्षं बघतोयस."

ती बस स्टँडच्या दिशेनं निघाली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

त्या शंभरांत मीही हात जोडून उभा होतो. भरलेली गाडी चालवून दाखव, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. क्लिप पान्यानं आवळता येते, निघून गेलेली बहीण नाही. म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला की आधी एवढंच विचारा: दाखवण्यापूर्वी गाडीतून काय उतरवलं?