टॅक्सवाले जावई

पोस्टाच्या बचत योजनांच्या एजंट सुमनताईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पीपीएफ खात्याच्या फॉर्मवर साहेबरावचं नाव लिहिलं.

"व्याज पूर्ण करमुक्त," त्या म्हणाल्या. "भरलेल्या रकमेवर टॅक्सात सूट, ती वेगळीच. फक्त पंधरा वर्षं पैसे अडकतात, बरं का."

"अडकू द्या," साहेबराव म्हणाला.

टेबलावर बोनसचं पाकीट होतं. कस्तुराने चहाचे कप ठेवताना ते हळूच नवऱ्याकडे सरकवलं. तिचं म्हणणं तिने सकाळीच मांडलं होतं. चिंचवडच्या या दोन खोल्यांवर कंपनीच्या पतसोसायटीचं कर्ज आहे, त्याचं व्याज या खात्यात मिळणाऱ्या व्याजाहून जास्त आहे, मग बोनस कर्जातच का नाही भरायचा? साहेबरावने तिला गप्प केलं होतं. टॅक्स भरणाऱ्याने आधी टॅक्स वाचवायचा असतो, तुला त्यातलं काही कळत नाही.

खरी गोष्ट अशी, की टॅक्स लागावा एवढा त्याचा पगारच नव्हता. मागे एकदा लातूरकडे सासुरवाडीला पंगतीत कुणीतरी पगार विचारला आणि हा बोलून बसला, "टॅक्स कापून हातात येतो तेवढा पुरतो." तेव्हापासून सासरे रंगराव गावभर तेच सांगत होते. आता तेच रंगराव दिवाळीसाठी येऊन कॉटवर मांडी घालून बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवायला आज बोनस द्यावा लागणार होता.

"लिवा ताई, लिवा," रंगराव म्हणाले. "आमचे जावई सरकारला टॅक्स भरतेत. गावात तसा दुसरा मानूस न्हाई."

"वर्षाला किती कापतात तुमचा?" ताईंनी सहज विचारलं. "त्यावरून सांगते किती भरायचे ते."

साहेबरावने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"असतो थोडाफार."

सुमनताईंचे यजमान साहेबरावच्याच कंपनीत पगार खात्यात होते. ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली आणि पेनाला टोपण लावलं.

"हा फॉर्म जुना निघाला बाई. नवे यायला महिना तरी लागेल. तोवर पैसे कर्जात भरून टाका, साहेबराव."

स्वतःचं कमिशन सोडून त्या अर्धा चहा ठेवून उठल्या. साहेबरावचे कान तापले. त्यांनी उघडं पाडलं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं.

"उंद्या मी जातो की पोष्टात," रंगराव म्हणाले. "फारम आनतो. टॅक्सवाल्याचं काम अडून कसं चालंल?"

कस्तुरा कप गोळा करत होती आणि नवऱ्याकडे मुद्दाम बघत नव्हती. तिला सगळं कळलं होतं. तिचं ते न बघणं त्याला सोसवेना.

"आबा, नका जाऊ," तो म्हणाला. "मला टॅक्स लागत नाही. तेवढा पगारच नाही माझा."

रंगरावांनी मांडी मोडली.

"आन् मी गावात..." एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवतानाही त्यांनी भाजी मागितली तेवढीच.

सकाळी साहेबराव पाकीट घेऊन निघाला, तर म्हातारा पटका बांधून दारात उभा. तोही बरोबर निघाला. सोसायटीच्या ऑफिसात रांग होती, तीही निम्मी साहेबरावच्याच खात्यातल्या माणसांची. सेक्रेटरी यशवंतरावांनी पैसे घेतले, पावती फाडली आणि म्हाताऱ्याकडे बघून विचारलं,

"सासरे का?"

"व्हय," रंगराव म्हणाले. गावात ज्या आवाजात सांगत, त्याच खणखणीत आवाजात ते पुढे म्हणाले, "आमचे जावई टॅक्स भरत न्हाईत. घर सोडवायलेत."

रांगेतलं कुणी हसलं नाही. तरीही साहेबरावला मान वर करता आली नाही. पावती खिशात ठेवून झाली होती, पण तो खिसा चाचपत राहिला.