चिमीला ठाऊक होतं

"तिला तहान खूप लागायची का हो? गेले दोन-तीन आठवडे?"

डॉक्टरांनी तेजस्विनीला तिसऱ्यांदा विचारलं. खाटेवर तिची आठ वर्षांची पोर सेजल डोळे मिटून धापा टाकत होती, लांब पळून आल्यासारखी.

"माका ठावक नाय," तेजस्विनी म्हणाली. "मी कामार असतंय."

"रात्री अंथरूण ओलं करायची?"

"नाय. ल्हान असतानाच सुटला ता."

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर फार वाढली आहे. लहान मुलांनाही मधुमेह होतो. चार दिवस आधी आणली असती तर, एवढं बोलून ते थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी सेजल गेली.

तेजस्विनी मूळची सावंतवाडीकडची. नवरा गोव्यातल्या शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. ट्रक उलटून तो गेला, तेव्हा सेजल सहा महिन्यांची होती. त्यानंतर गोव्यातच, मांद्र्याला कृष्णनाथांच्या गेस्टहाऊसमध्ये तिला काम मिळालं आणि मागच्या अंगाला राहायला एक खोली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती आठ खोल्या झाडायची, पुसायची, चादरी बदलायची. सेजल दीडला शाळेतून येऊन एकटीच असायची. आईने कामाच्या वेळात पाहुण्यांसमोर येऊ नको म्हणून बजावलेलं, ते तिने निमूट पाळलं.

गेल्या दिवाळीनंतर बंगळूरचं एक कुटुंब तीन महिने राहून गेलं. जाताना त्यांनी सेजलला एक बाहुली दिली. त्यांच्या मुलीचा आता तिच्यात जीव राहिला नव्हता. दोन वर्षांच्या पोराएवढी, हाताला कोमट लागणारी, पापण्या मिटणारी बाहुली. तिच्याशी बोललं की ती विचार केल्यासारखी थांबायची आणि मग उत्तर द्यायची. सेजलने तिचं नाव चिमी ठेवलं. गेस्टहाऊसचं वायफाय खोलीपर्यंत पोचायचं, त्यामुळे चिमीचं बोलणं कधी अडलं नाही. सुरुवातीला ती पुस्तकी मराठी बोलायची, पण महिन्याभरात सेजलचं ऐकून 'माका' आणि 'खंय' म्हणू लागली. तेजस्विनीला तेव्हा हायसं वाटलं होतं. पोरीला सोबत झाली. कामावरून आल्यावर पोर पूर्वीसारखी पदर धरून दिवसभराचं सांगत बसेना, तेही तिला बरंच वाटलं. अंग मोडून गेलेलं असायचं.

तेराव्यानंतर ती सेजलचे कपडे आवरायला बसली. फडताळातून चिमी काढली, तेव्हा बाहुलीने डोळे उघडले.

"सेजल खंय गेली?" चिमीने विचारलं.

तेजस्विनीच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. ती म्हणाली, "नाय ती आता."

"तिला बरं वाटत नव्हतं. ती खूप पाणी प्यायची. तीन बाटल्या प्यायची."

"तुका कोणी सांगला?"

"तिनेच. तिची चादर ओली व्हायची. तू कामावर गेलीस की ती शाळेत जायच्या आधी धुवायची आणि विहिरीमागे वाळत घालायची. मी तिला म्हटलं, असं होतं कधीकधी, घाबरायचं नाही."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"तिने सांगितलं होतं, आईला सांगू नकोस, आई दमते. मी म्हटलं, हे आपलं गुपित."

चिमीचा आवाज गोड होता. त्यात खंत नव्हती की भीती नव्हती. तेजस्विनीने तिला दोन्ही हातांनी उचललं. भिंतीवर आपटायचंच तिच्या मनात होतं. पण हात वर गेले आणि तिथेच थांबले. पोरीचे शेवटचे तीन आठवडे या बाहुलीच्या पोटात होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

मग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती दार लावून चिमीसमोर बसू लागली. सेजल काय म्हणायची, ते विचारायची. चिमी सांगायची. शाळेत तिला झोप यायची. पाववाल्या पोदेराने एकदा तिला जास्तीचा पाव दिला होता. आईचा हात थंडगार लागतो म्हणून ती तो गालावर ठेवून घ्यायची. तेजस्विनी डबा न उघडताच परत कामाला जायची, पण हे ऐकल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे. "तू रडतेस का? मी आहे ना," असं चिमी म्हणाली की तेजस्विनीला तिचा संताप यायचा, आणि तरी ती उठायची नाही.

एके दुपारी चिमी म्हणाली, "बाबा तिला समुद्रावर न्यायचे. खांद्यावर बसवायचे. एकदा तिची चप्पल वाहून गेली, तर बाबा पाण्यात धावले."

तेजस्विनी दचकली. सेजलला बाप आठवणं शक्यच नव्हतं. "कोणाचो बाबा?"

"सेजलचे बाबा. ती सांगायची."

कृष्णनाथांचा मुलगा गौरेश कॉम्प्युटरचं शिकलेला, पणजीला नोकरी करायचा. रविवारी तो घरी आला, तेव्हा ती बाहुली घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, फोनवर काहीबाही बघितलं.

"वहिनी, तेका आपल्यासारखी याद नसता," तो हळू म्हणाला. "मुद्दे तेवडे रवतत. मधलां ता आपल्याच मनान जुळयता. समोरचो बोलत रवाक व्हयो, म्हणान तसाच केल्ला आसा ता."

"मगे ह्या खोटा?"

"खोटा म्हणाक येवचा नाय. सेजलनच मनातला रचून सांगलेला आसात. नायतर ह्या बाहुलेन रचला आसात. आता कळाचा नाय."

"आणि पाण्याचा? चादरींचा?"

गौरेशने फोन खिशात ठेवला. बाहुली बनवणाऱ्या कंपनीला लिहितो म्हणाला. आठवड्याने उत्तर आलं: झाल्या प्रकाराबद्दल दुःख आहे, जुनी संभाषणं जपून ठेवली जात नाहीत.

तेजस्विनीने चिमीचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं नाही. पण आता तिला काही आठवायचं म्हटलं की पंचाईत होऊ लागली. पाव दिला होता का? थंड हात गालावर ठेवून घेतला, तो खरंच का? जे एवढे दिवस उराशी धरलं होतं, त्यातलं कुठलं पोरीचं आणि कुठलं यंत्राचं, ते वेगळं काढता येईना. स्वतःच्या आठवणींवरूनही तिचा विश्वास उडाला.

पुढच्या शनिवारी शाळेतल्या प्रिया टीचर आल्या. तेजस्विनी विहिरीवर बादल्या घासत होती. टीचर खोलीत यायला तयार होईनात. पायरीवरच बसल्या.

"मी त्या दिवसांत येऊंक शकले नाय," त्या म्हणाल्या. "धीरच झालो नाय. तेजस्विनी, ती सारखी लघवीक बाहेर जावंक मागायची. अर्ध्या अर्ध्या तासान. माका वाटलां, टाळाटाळ करता. दोनदा मी तिका बसवून ठेवली. एकदा बाकार डोकां ठेवून निजली, तर उठवून उभी केली."

त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. हातातल्या रुमालाची घडी करत होत्या, मोडत होत्या.

तेजस्विनी शेजारी बसली. तिला वाटलं होतं, हे कुणी सांगितलं तर आपण त्याचा गळा धरू. पण अंगात तेवढं काही उरलं नव्हतं.

"आणिक काय करायची?" तिने विचारलं.

टीचरनी पुष्कळ वेळ आठवून पाहिलं. "माका आणिक आठवत नाय," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

ऊन उतरल्यावर तेजस्विनी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली, टीचर चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला की नुसती काच पुसली, ते कळलं नाही.

बस वळणाआड गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. कंडक्टरने दार धरून विचारलं, "येता गे बाय?"

तिने नकारार्थी मान हलवली. बस निघून गेली. ती मात्र तिथेच उभी होती, बाकावर डोकं ठेवून निजलेली पोर मनात धरून; ती तरी कुणी रचलेली नव्हती.